मिताहार : एकट्याचा कीं सर्व घराचा?

मिताहार हा शब्द आमच्या पिढीनें पाठशाळेंत शिकला तो नीतीचा शब्द म्हणून. अति खाणाऱ्यास योग साधत नाहीं आणि मुळींच न खाणाऱ्यासही साधत नाहीं, असें गीतेच्या सहाव्या अध्यायांत भगवंतांनीं सांगितलें आहे. त्या उपदेशास किलो आणि इंच यांचें माप लावण्याचें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. आज तोच शब्द कॅलरीची वही व वजनाचा कांटा घेऊन घरोघर शिरला आहे. घरांत एकास वजन उतरविण्याचा छंद लागला कीं चार दिवस सर्वांनीं कौतुक करावें, पुढें आठ दिवस थट्टा करावी, आणि महिनाअखेर त्यानेंच श्रीखंडाची वाटी पुढें करून शरण यावें, हा प्रकार आतां नित्याचा झाला आहे. म्हणून या महिन्यांत या विषयाचा थोडा शांतपणें विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त एका वाचकभगिनींच्या पत्राचें आहे. त्यांचें कुटुंब अकरा माणसांचें. यजमानांस मधुमेह जडला व वैद्यांनीं वजन कमी करण्यास बजावलें. तेव्हांपासून यजमानांची भाकरी निराळी, मुलांची पोळी निराळी, सासूबाईंचा मऊ भात निराळा आणि उपासाचे पदार्थ त्याहून निराळे. यजमानांचें वजन चार किलो उतरलें, सर्वांस आनंद झाला. परंतु त्याच दिवशीं वैद्यांनीं या भगिनींसही वजन अधिक असल्याचें सांगितलें होतें, तें घरांत कोणाच्या लक्षांतही राहिलें नाहीं. त्या सर्वांच्या मागून जेवतात आणि उरेल तें टाकवत नाहीं म्हणून खातात. त्या विचारतात, "मीं माझें पथ्य केव्हां करावें?" हा प्रश्न आम्हांस साऱ्या आहारशास्त्राहून अवघड वाटतो. त्याकडे येण्यापूर्वीं शास्त्र काय म्हणतें तें पाहूं.

आम्ही राहतों तें रोहिणखेड बुलढाणा जिल्ह्यांत, मोताळा तालुक्यांत, घाटाखालीं आहे. इतिहासांत या गांवाचें नांव १४३७ सालीं बहामनी व खानदेशी फौजांत झालेल्या लढाईमुळें येतें. आमच्या मनांत मात्र तें ज्वारीचें व कापसाचें गांव म्हणूनच ठसलें आहे. भाकरी, ठेचा, तुरीचें वरण, आंबाडीची नाहीं तर चिवळीची भाजी, हें येथील रोजचें जेवण. वरण-बट्टी व पुरणपोळी हीं सणाचीं किंवा पाहुण्यांचीं पक्वान्नें. खाणारा माणूस शेतावर पायीं जाई व पायीं येई. त्याच्या पोटांत गेलेली भाकरी संध्याकाळपर्यंत मातींत जिरलेली असे. आज शेतावर मोटारसायकल जाते, पाणी बटण दाबल्यावर येतें, दळण गिरणींतून येतें. श्रम गेले, आणि भाकरीच्या जोडीस पोळी, पोळीच्या जोडीस भात, चहाच्या जोडीस बिस्किटें व शेगावची कचोरी आली. सणाचें अन्न नित्याचें झालें, याहून निराळें कारण शोधण्याची फारशी जरुरी नाहीं.

ही स्थिति एका गांवाची नव्हे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील प्रौढ स्त्रियांपैकीं शेंकडा २४ व पुरुषांपैकीं शेंकडा सुमारें २३ जणांचें वजन उंचीच्या मानानें अधिक आढळलें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीप्रमाणें देशांत मधुमेही दहा कोटींहून अधिक आहेत. आणि या बाबतींत आपल्या महाराष्ट्रानें जगास एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास केला. तेथील अर्भकें जन्मतः सरासरी २.७ किलोंचीं, म्हणजे इंग्लंडांतील अर्भकांपेक्षां पुष्कळच लहान; परंतु त्यांच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या देहांत चरबी अधिक व मांस कमी, ही आपल्या लोकांची ठेवण आहे. २००४ सालीं याज्ञिक व त्यांचे लंडनचे स्नेही प्रोफेसर जॉन युडकिन यांनीं आपल्या दोघांचें छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत छापलें. उंची-वजनाच्या गणितानें दोघांचा अंक एकच, २२.३, परंतु युडकिन यांच्या देहांत चरबी शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या देहांत शेंकडा २१.२! साहेबाच्या कोष्टकावरून आपली प्रकृति ठरवूं नये, हें यावरून उघड होतें.

तें उंची-वजनाचें गणित घरचीं मुलेंही करूं शकतील. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागावें. उंची १.६० मीटर असेल तर वर्ग २.५६; वजन ६४ किलो असेल तर भागाकार २५ येतो. पाश्चात्त्य कोष्टकांत हा अंक केवळ 'थोडें अधिक वजन' असा समजला जातो. आपल्या वैद्यांनीं भारतीयांसाठीं २३ पासून सावधगिरी व २५ पासून स्थूलता मानिली आहे. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांच्या पुढें गेला कीं पोटांतील चरबी वाढली असें समजावें. एक शिंप्याची फीत व एक कांटा एवढ्यावर हें काम भागतें.

आतां कॅलरीचा विचार. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास जेवढी उष्णता लागते ती आहारशास्त्रांतील एक कॅलरी. अन्नांत अशी किती उष्णता असते याचीं मापें विल्बर ॲटवॉटर (१८४४-१९०७) या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें काढलीं. पिष्ट किंवा साखर यांच्या एका ग्रॅमांत सुमारें ४, प्रथिनांत तितक्याच, आणि तेल-तुपाच्या एका ग्रॅमांत ९. एवढें पाठ असलें म्हणजे घरचा हिशेब बसूं लागतो. चहाचा लहान चमचा साखर पांच ग्रॅम, म्हणजे २० कॅलरी. दिवसाचे चार चहा व प्रत्येकीं दोन चमचे साखर असा हिशेब धरला तर १६० कॅलरी नुसत्या चहांतून जातात. वर्षाच्या त्या ५८,४०० होतात. एक किलो चरबींत सुमारें ७,७०० कॅलरी सांठलेल्या असतात. म्हणजे हिशेबानें ही साडेसात किलो चरबी झाली! थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात तें हेंच.

तथापि येथें एक इशारा देणें जरूर आहे. शरीर हें वाण्याची वही नव्हे. साखर सोडली म्हणून वर्षांत बरोबर साडेसात किलो उतरतील असें कोणी समजूं नये. अन्न कमी झालें कीं शरीरही आपला खर्च आवरूं लागतें, भूक वाढवितें, आणि वजन उतरण्याचा वेग हळूहळू मंदावतो. अमेरिकेंत मिनेसोटा येथें १९४४-४५ सालीं अन्सेल कीझ यांच्या देखरेखीखालीं छत्तीस निरोगी तरुणांनीं सहा महिने अर्धपोटीं राहण्याचें स्वेच्छेनें पत्करलें होतें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांश घटलें. परंतु ते चिडखोर व उदास झाले, त्यांच्या मनांत रात्रंदिवस अन्नाखेरीज विचार येईना, कित्येक तर पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत बसत. उपाशी माणसाच्या अंगीं निग्रह नाहीं म्हणून तो ढासळतो असें नव्हे. देहधर्मच त्यास खेंचीत असतो. म्हणून 'खाईन तर तुपाशी, नाहीं तर उपाशी' या बाण्यानें जो वजन उतरवूं जाईल त्याची उडी फार तर संक्रांतीपासून होळीपर्यंत! थोडें कमी करावें, पण जें जन्मभर चालेल तेंच कमी करावें, हा यांतील मथितार्थ.

महाराष्ट्रांत या विषयावर २०१८ च्या सुमारास जो वाद माजला तो वाचकांच्या स्मरणांत असेलच. नागपूरचे बहुश्रुत विद्वान डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) आपल्या व्याख्यानांतून दिवसांतून दोनदांच जेवावें असें सांगत. तो विचार पुढें डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं उचलला व गांवोगांव व्याख्यानें देऊन पसरविला. खरी भूक लागेल अशा दोन वेळा ठरवाव्या, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आंत आटपावें, मध्यंतरीं पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा व बिनदुधाचा चहा यांखेरीज कांहीं घेऊं नये, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावें, असा त्यांचा सांगावा. प्रत्येक खाण्यागणिक इन्सुलिन हा रस पाझरतो व तो वारंवार पाझरल्यानें चरबी सांठते, अशी त्याची उपपत्ति. उलटपक्षीं मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांनीं थोडथोडें व वेळच्या वेळीं खावें, आजीच्या हातचें स्थानिक अन्न, भात व तूप यांस भिऊं नये, असें सांगितलें. झालें! एकाच घरांत थोरला भाऊ दीक्षितांचा अनुयायी व धाकटी जाऊ दिवेकरांची, अशी स्थिति झाली व स्वयंपाकघराचा आखाडा बनला.

आमच्या मतें हा वाद वाटतो तितका खोल नाहीं. दोन वेळां जेवणारा माणूस चिवडा, बिस्किटें व सहा चहा यांस मुकतो, म्हणून त्याचें एकूण खाणें घटतें. घरचें ताजें व मोजकें खाणारा माणूस बाजारच्या तळणास मुकतो, म्हणून त्याचेंही घटतें. २०२२ सालीं चीनमधील ग्वांगझौ येथील १३९ स्थूल रुग्णांवर वर्षभर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सर्वांसच कॅलरींची सारखी मर्यादा घालून दिली. अर्ध्यांनीं त्या आठ तासांच्या आंत खावयाच्या होत्या, अर्ध्यांवर वेळेचें बंधन नव्हतें. पहिल्यांचें वजन सरासरी ८ किलो, दुसऱ्यांचें ६.३ किलो उतरलें, आणि हा फरक निश्चित म्हणण्याजोगा नाहीं असें संशोधकांनीं ठरविलें. तात्पर्य, घड्याळापेक्षां ताटाला महत्त्व अधिक. तरीही एकत्र कुटुंबास दोन वेळांचा नियम सोयीचा पडतो हें आम्हीं मोकळेपणानें कबूल करतों. स्मृतिकारांनींही गृहस्थास सकाळ-सायंकाळ दोनच भोजनें सांगितलीं आहेत व मध्यें खाणें वर्ज्य केलें आहे. शिवाय चूल दिवसांतून दहादां पेटवावी लागत नाहीं.

येथें आपल्या उपासांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण करणारा माणूस आहारशास्त्रज्ञच असला पाहिजे. साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. साठ ग्रॅम साबूदाण्यांत सुमारें २१० कॅलरी, मुठीभर शेंगदाण्याच्या कुटांत सुमारें १५०, दोन-तीन चमचे तुपांत सुमारें १२०. म्हणजे खिचडीची एक बशी पांचशेंच्या घरांत जाते. वर बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू व केळीं आहेतच. त्याच वेळीं ज्वारीची एक मध्यम भाकरी सुमारें दोनशें कॅलरींची, आणि जोडीस वाटीभर पालेभाजी व ताक घेतलें तरी बेरीज तीनशेंच्या आसपास. उपास म्हणजे देवाच्या जवळ वास. पोट फुगवून जवळ बसण्यांत कोणतें पुण्य? ज्यांस व्रत पाळावयाचें आहे त्यांनीं फळ, ताक, भगर व भोपळा यांवर तें सुखानें पाळावें. व्रतास बाध येत नाहीं आणि वजनासही.

आतां पत्रांतील प्रश्नाकडे वळूं. आपल्या घरांत कमी खाण्याची परंपरा नव्हती असें नाहीं. ती कोणाच्या वांट्यास आली तेवढें पाहावें. विधवा आत्या, मावशी, काकू यांस एकभुक्त राहावें लागे. घरधनीण शेवटीं जेवे. सुना त्याहून शेवटीं. एकीकडे पुरुषांच्या पंगतींत आग्रहाचे लाडू वाढले जात, दुसरीकडे मागच्या पंगतीस वरणाचें पाणी उरे. तो मिताहार नव्हता. ती उपेक्षा होती. आपल्या खुषीनें आवरलेला हात आणि दुसऱ्यानें आंखडलेलें ताट यांस एकच नांव देणें अन्यायाचें आहे. काळ पालटला, अन्न मुबलक झालें. परंतु शेवटीं जेवण्याची चाल कित्येक घरांत राहिली आहे. परिणाम मात्र उलटा होऊं लागला. पूर्वीं शेवटचीस कमी मिळे. आतां शेवटचीस उरलेलें सारें मिळतें. मुलानें टाकलेली अर्धी पोळी, वाटींतला भात, डब्यांत परत आलेला शिरा, सर्व तिच्या पोटांत. अन्न टाकूं नये हा संस्कार उत्तम आहे. परंतु एका बाईचें पोट म्हणजे घराची उष्ट्याची बादली नव्हे.

म्हणून या भगिनींस आमचें उत्तर असें कीं, त्यांनीं पथ्यासाठीं निराळी वेळ शोधूंच नये. सर्वांबरोबर एकाच पंगतीस बसावें. आणि हें त्यांनीं एकट्यांनीं मागून मिळावयाचें नाहीं. तें घरांतील वडील मंडळींनीं सांगितलें पाहिजे. सासूबाईंनीं "सूनबाई, तूंही पान वाढून घे" एवढें रोज म्हटलें तर जें औषधानें होणार नाहीं तें होईल. दुसरें, एका घरांत दोन स्वयंपाक चालवूं नयेत. मधुमेह्यास जें हितकर तेंच बहुधा सर्वांस हितकर असतें: भाकरी, डाळ-उसळ, दुप्पट भाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, ताक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं जी मार्गदर्शिका काढली तींत एकूण कॅलरींपैकीं शेंकडा ४५ हून अधिक धान्यांतून येऊं नयेत असें सांगितलें आहे. आपल्या ताटांत तें प्रमाण शेंकडा ५० ते ७० पर्यंत जातें. म्हणजे पोळी-भात दोन घास कमी व डाळ-भाजी दोन घास अधिक, एवढाच बदल. वाढत्या मुलांस वर दूध, तूप, पोळी द्यावी. त्यांच्यासाठीं स्वयंपाक पालटण्याची जरुरी नाहीं, वाढण्याचें मान पालटलें म्हणजे झालें.

तिसरें, तेलाचा हिशेब घराचा ठेवावा, माणसाचा नव्हे. महिन्याला तेल किती आलें याला माणसांच्या संख्येनें भागावें. माणशीं महिना एक किलोच्या पुढें अंक जात असेल तर कढई फार वेळ चुलीवर राहते असें खुशाल समजावें. चवथें, आग्रह आवरावा. आग्रह हें आपलें प्रेम व्यक्त करण्याचें साधन आहे, हें आम्ही जाणतों. परंतु ज्यानें हात आडवा धरला त्याच्या हातावरून वाढणें हें प्रेम नसून जुलूम आहे. पांचवें, जेवतांना दूरदर्शन व मोबाईल बंद. आपले वडील आपोशन घेऊन, चित्राहुति घालून, मौन धरून जेवत. त्यांतील धर्माचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडला तरी एक गोष्ट उरते: पहिल्या घासापूर्वीं क्षणभर थांबणें आणि घासाकडे लक्ष असणें. पोट भरल्याची वर्दी मेंदूस पोंचण्यास वेळ लागतो. बोलत-बघत भरभर जेवणारा तोंवर दोन पोळ्या पुढें गेलेला असतो.

कांहींं मंडळींनीं मात्र स्वतःच्या बुद्धीनें कांहीं करूं नये. जे मधुमेही इन्सुलिनची सुई किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनीं जेवण गाळलें तर रक्तांतील साखर एकाएकीं उतरून घेरी येण्याचें, प्रसंगीं जिवावर बेतण्याचें भय असतें. त्यांनीं आधीं वैद्यांकडून औषधाचें मान ठरवून घ्यावें, मग जेवणाचें. कोणाचें व्याख्यान ऐकून औषध बंद करणें हा तर शुद्ध अविचार. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढतीं मुलें, क्षीण झालेले वृद्ध, यांनीं वजन उतरविण्याच्या नादीं लागूं नये. परंतु योग्य देखरेख असेल तर फळ किती मोठें मिळतें हेंही सांगितलें पाहिजे. ब्रिटनमध्यें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, मधुमेह होऊन सहा वर्षें न झालेल्या रुग्णांस तीन ते पांच महिने रोज सुमारें साडेआठशें कॅलरींवर ठेविलें व पुढें सांभाळून आहार वाढविला. वर्षअखेर त्यांपैकीं शेंकडा ४६ जणांचा मधुमेह औषधांवांचून आटोक्यांत आला. ज्यांचें वजन पंधरा किलो वा अधिक उतरलें त्यांच्यांत तर शेंकडा ८६ जणांचा. नेहमींच्या उपचारावर ठेविलेल्यांत हें प्रमाण अवघें शेंकडा ४ होतें. जन्माचा सोबती मानलेला रोग कित्येकांस सोडून जाऊं शकतो, ही आशा लहान नव्हे.

शेवटीं एक गोष्ट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एकविसावा अध्याय अतिस्थूल व अतिकृश यांच्यावर आहे. स्थूलतेचीं कारणें सांगतांना चरकानें अति भोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप यांबरोबर बीजस्वभावही सांगितला आहे. म्हणजे आईबापांकडून आलेली ठेवणही त्यानें ओळखली होती. ज्याचें शरीर जात्याच स्थूल त्यास आळशी, खादाड म्हणून हिणविण्याचा अधिकार मग कोणास राहतो? लग्नाच्या मुलीस, शाळेंतल्या मुलास, बाळंतपणानंतर अंग सुटलेल्या सुनेस आपण थट्टेनें जें बोलतों त्यानें कोणाचें वजन उतरल्याचें ऐकिवांत नाहीं. उलट दाराआड बसून खाण्याची संवय मात्र लागते. चरकानें उपाय सांगितला तो असा कीं, पोटास भरल्यासारखें वाटावें पण अंगास पुष्टि थोडी मिळावी असें अन्न द्यावें, आणि चालणें व जागरूकता हळूहळू वाढवावी. भाजी, कोशिंबीर, उसळ व ताक यांहून त्याचा निराळा अर्थ आज तरी काय करावयाचा? या महिन्यांत प्रत्येक घरानें एवढेंच करून पाहावें: संध्याकाळचें एक पान सर्वांचें एकदम मांडावें, त्यांत भाजी आधीं वाढावी, आणि वाढणारीनेंही आपलें पान सर्वांबरोबरच वाढून घ्यावें. कांटा मग महिन्यातून एकदां पाहिला तरी चालेल.